बायोडाट्यातली रास

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी दादाच्या घरी, प्रतापनगरात, माझ्या भाचीचा लग्नाचा बायोडाटा टाइप करत बसले होते. दादा पत्रिका हातात धरून वाचून दाखवत होता. जन्मवेळ, जन्मस्थळ नागपूर. रास वृश्चिक. नक्षत्र ज्येष्ठा, चरण दुसरं. गण राक्षस. नाडी आद्य. योनी मृग. ‘मंगळ नाही’ ही ओळ ठळक कर, असं त्यानं दोनदा सांगितलं. मग शिक्षण, नोकरी, पगार, उंची. सगळ्यात खाली ‘आवड : वाचन, प्रवास’.

टाइप करून झाल्यावर मी ओळी मोजल्या. आकाशाबद्दल आठ ओळी होत्या आणि तिच्या स्वभावाबद्दल दोन शब्द. ही मुलगी दर रविवारी सकाळी आजीच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरून ठेवते. लहानपणी गणित सुटलं नाही की रडायची, डोळे पुसायची आणि तीच वही परत उघडायची. भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी पहिला फोन तिचा येतो. यातलं त्या कागदावर काहीच नव्हतं. मी हे बोलून दाखवलं, तर वहिनी म्हणाली, ‘‘वृश्चिकेची आहे न ताई ती. वरून दिसत नाही, पण मनात धरून ठेवते.’’

आपल्या पोटच्या पोरीबद्दल, जिला तिनं एकोणतीस वर्षं रोज पाहिलं, तिच्याबद्दल वहिनी हे बोलत होती. ती मुलगी मनात काही धरून ठेवत नाही, हे वहिनीइतकं कोणाला ठाऊक असणार? पण राशीचं पुस्तक मध्ये आलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं मागे पडलं.

मी ३१ वर्षं नागपुरातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. राशीवरून माणसाचा स्वभाव आणि आयुष्य कळतं का, हा प्रश्न मला पोरांनी, त्यांच्या आयांनी, स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांनी शेकडो वेळा विचारला. कळत नाही, असं माझं सरळ उत्तर आहे. ते का, हे इथं सविस्तर सांगायचं आहे. पण त्याहून जास्त मला सलतं ते वहिनीच्या त्या वाक्यातलं. रास कळली की समोरच्या माणसाला ओळखून घेण्याचे कष्ट आपण सोडून देतो, आणि ज्याच्यावर आपण हा शिक्का मारतो त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

आधी साधी गोष्ट बघू : रास कोणती धरायची? माझ्या भाचीची रास वृश्चिक, कारण तिच्या जन्मावेळी चंद्र तिथं होता. आपल्याकडे रास चंद्रावरून. पण ती मार्चच्या पहिल्या आठवड्यातली. मोबाइलवर तारीख टाकून रास बघणाऱ्या तिच्या मैत्रिणींच्या हिशेबानं ती मीन, कारण पाश्चात्त्य पद्धतीत रास सूर्यावरून ठरते. आता सूर्यच धरायचा आणि आपलं पंचांग उघडायचं, तर त्या दिवशी सूर्य कुंभेत. एका मुलीच्या तीन राशी झाल्या. वृश्चिकेची माणसं मनात ठेवणारी, मीनेची हळवी आणि स्वप्नाळू, कुंभेची अलिप्त आणि विचारी, असं पुस्तकं सांगतात. गंमत म्हणून मी तिन्ही वर्णनं वहिनीला वाचून दाखवली. प्रत्येक वेळी ती म्हणाली, ‘‘हो, अशीच आहे ती.’’

सूर्याच्या या दोन राशी कशा झाल्या, ते समजून घेण्यासारखं आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एक फेरी पुरी व्हायला सुमारे २६ हजार वर्षं लागतात, म्हणजे दर ७२ वर्षांना जवळपास एक अंश. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे असताना सूर्य असतो तो बिंदू, जिथून पाश्चात्त्य लोक मेष मोजायला सुरुवात करतात, तो ताऱ्यांच्या तुलनेत मागे सरकत राहतो. आज सायन (संपातापासून मोजलेल्या) आणि निरयन (ताऱ्यांपासून मोजलेल्या, आपल्या पंचांगातल्या) गणनेत २४ अंशांच्या आसपास फरक पडला आहे. हा फरक आपल्या घरातच दिसतो. मकरसंक्रांत आपण १४ किंवा १५ जानेवारीला साजरी करतो आणि ‘उत्तरायण सुरू झालं’ म्हणतो. सूर्य मात्र २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो. साधारण सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडत होत्या. स्वातंत्र्यानंतर सरकारनं शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली होती. तिनं १९५५ साली अहवाल दिला, आणि २२ मार्च १९५७ पासून आपलं राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झालं. ते ऋतूंशी जुळवून केलेलं आहे. घराघरांतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर ती तारीख बारीक अक्षरांत छापलेली असते, तिच्याकडं कोणी बघत नाही.

आणि प्रत्यक्ष आकाशात बघाल तर गोष्ट आणखी वेगळी आहे. सूर्याच्या वाटेवर बारा नव्हे, तेरा तारकासमूह येतात. तेरावा भुजंगधारी. नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत सूर्य त्याच्यात असतो, आणि वृश्चिक समूहात जेमतेम एक आठवडा. राशी म्हणजे वाटेचे बारा सारखे तुकडे, मोजणीच्या सोयीसाठी माणसानं पाडलेले. वेदांग ज्योतिषात नक्षत्रं आहेत, बारा राशी नाहीत. त्या बाबिलोनकडून ग्रीकांकडे आणि तिथून आपल्याकडे आल्या. वराहमिहिरानं राशींना दिलेली क्रिय, तावुरि, जूक, कौर्प्य ही नावं ग्रीक शब्दांची रूपं आहेत. दुसरीकडून आलेलं ज्ञान घेणं यात मला काही वावगं वाटत नाही, उलट ती आपल्या पूर्वजांची मोठी गोष्ट. पण ‘आपल्या ऋषींनी सांगितलेली रास’ म्हणून ज्यासाठी घरात भांडणं होतात, तिचा इतिहास निदान माहीत असावा.

नक्षत्रांचा उपयोगच नाही, असं मी म्हणत नाही. आमच्या विदर्भातला शेतकरी मृग लागायची वाट बघतो. मे महिन्याच्या शेवटी सूर्य रोहिणीत गेला की नागपुरात नवतपा सुरू झाला म्हणतात, आणि त्या दिवसांत दुपारी बर्डीचे रस्ते ओस पडतात हे खोटं नाही. सूर्य ठरावीक ताऱ्यांपाशी आला की ठरावीक ऋतू येतो, हे पिढ्यान्‌पिढ्या बघून लिहून ठेवलेलं ज्ञान आहे. पण सूर्य रोहिणीत गेल्यावर ऊन तापतं, ते सगळ्या नागपूरकरांना सारखंच तापतं. वृषभेच्या माणसाला कमी आणि सिंहेच्या माणसाला जास्त, असं होत नाही.

त्याच नवतप्यातली एक गोष्ट मी दरवर्षी मुलांना दाखवत असे. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे. त्यामुळे २६ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सुटी असायची, तरी वीस-पंचवीस पोरं डोक्याला दुपट्टे बांधून शाळेच्या पटांगणात यायची. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा फरशीवर उभा करायचा आणि बघत बसायचं. सावली आखडत आखडत येते, पाइपाच्या बुडाशी एक बारीक कड उरते आणि मग तीही नाहीशी होते. पोरं गप्प व्हायची. एक-दोन मिनिटांनी दुसऱ्या बाजूला सावलीची कोर परत फुटायची. जुलैच्या मध्यात हे पुन्हा घडतं, पण तेव्हा बहुतेक ढग असतात.

भविष्य सांगणं म्हणजे काय, हे मी त्यांना त्या पाइपापाशी समजावून सांगायचे. मी आधी वेळ सांगितली. सावली राहिली असती तर मी खोटी ठरले असते, आणि ते वीस पोरांना कळलं असतं. आता पेपरातलं राशिभविष्य घ्या : ‘जुनी येणी वसूल होतील. प्रकृती सांभाळा. जवळच्या व्यक्तीशी मतभेद संभवतात.’ हे कधी खोटं ठरेल? जे कशानंच खोटं ठरू शकत नाही, त्यानं आपल्याला काही सांगितलंच नाही.

‘‘पण मॅडम, अनुभव येतो न,’’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा मिळालं आहे. ते मनापासून दिलेलं असतं, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

मी नववीच्या वर्गात एक प्रयोग करत असे. आधी प्रत्येकाकडून जन्मतारीख, जन्मवेळ आणि रास लिहून घ्यायची. आठवड्यानं प्रत्येकाच्या नावाचं बंद पाकीट द्यायचं. आत स्वभाववर्णन : ‘तू वरून शांत दिसतोस, पण मनात बरंच काही चालू असतं. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं तुला वाटतं, पण तू ते बोलून दाखवत नाहीस. अभ्यासाला बसायला वेळ लागतो, पण मनावर घेतलंस तर तू करून दाखवतोस. घरच्यांना तुझी एक बाजू अजून कळलेली नाही.’ मग वाचून किती जुळतं ते पाचपैकी लिहायचं. चार आणि पाचांनी फळा भरून जायचा. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक पोरगा तास संपल्यावर माझ्यामागं आला. डोळ्यांत पाणी. ‘‘मॅडम, घरच्यांना माझी बाजू कळली नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आईला विचारलं काय?’’ मी पुढच्या तासाला सगळ्यांना पाकिटं शेजाऱ्याशी बदलायला सांगितली. सगळ्यांत एकच मजकूर होता. वर्गात आधी शांतता पसरली आणि मग एकच गलका झाला. तो पोरगा मात्र गप्प होता. त्या दिवशी मला कळलं, की ते वाक्य त्याला इतकं का लागलं हे मी रास न विचारता, त्याच्याजवळ बसून विचारायला हवं होतं. नंतर मी ते केलं.

ही युक्ती माझी नाही. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर हे केलं होतं. त्यानं वाक्यं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. विद्यार्थ्यांनी दिलेले सरासरी गुण ५ पैकी ४.२६. फ्रान्सच्या मिशेल गोकलँ यांनी तर फुकट पत्रिका देण्याची जाहिरात देऊन सगळ्यांना एकच वर्णन पाठवलं, आणि ते होतं मार्सेल पेतियो नावाच्या, अनेक खुनांसाठी शिरच्छेद झालेल्या माणसाच्या जन्मवेळेवरून काढलेलं. उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी कळवलं, की हे आमचंच वर्णन आहे. या लोकांना मी भोळे म्हणणार नाही. माणूस आतून इतक्या परस्परविरोधी गोष्टींचा बनलेला असतो, की कोणतंही मऊ वाक्य त्याच्यात कुठंतरी जाऊन बसतं.

याच्यापुढची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिथं सुरुवातीला ज्योतिषाच्या बाजूनं कौल आला होता. हान्स आयझेंक हे व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांवर काम करणारे मोठे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी एका ज्योतिषाबरोबर दोन हजारांहून जास्त लोकांच्या चाचण्या तपासल्या आणि १९७८ साली निष्कर्ष छापला. ज्या राशींना बहिर्मुख म्हणतात, त्या राशींचे लोक चाचणीत खरंच थोडे जास्त बहिर्मुख निघाले होते. ज्योतिषांना मोठा आनंद झाला. पण यातल्या बऱ्याच लोकांना आपली रास आणि तिचे गुण आधीच पाठ होते. आयझेंकनी मग मुलांवर आणि ज्यांना राशीबद्दल काही ठाऊक नव्हतं अशा लोकांवर तपासलं. तिथं तो संबंध नाहीसा झाला. म्हणजे ताऱ्यांनी माणसं बहिर्मुख केली नव्हती. ‘तू असा आहेस’ हे ऐकत आल्यामुळे ती स्वतःकडं तशी बघायला लागली होती.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे हे वाचून मला माझ्या पालकसभा आठवल्या. ‘‘मिथुनेचा आहे न मॅडम, एका जागी बसतच नाही. काय करून राहिला ते त्याचं त्यालाच कळत नाही.’’ पोरगा बाजूला उभा राहून ऐकत असतो. मी अशा एका मुलाला शेवटच्या बाकावरून पुढं बसवलं. फळा त्याला दिसत नव्हता. डोळे तपासले, चष्मा लागला, आणि तो बसायला लागला. त्याच्या आईला मी दोष देत नाही. पण रास हे उत्तर तयार नसतं, तर तिनं दोन वर्षं आधी ‘का’ असं विचारलं असतं.

जन्माच्या महिन्याचा अजिबात परिणाम होत नाही, असंही नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शाळाप्रवेशाच्या तारखेची रेष जिथं ओढतात, तिच्या एका बाजूचं मूल वर्गात सगळ्यात मोठं ठरतं आणि दुसऱ्या बाजूचं सगळ्यात लहान. पहिलीत अकरा महिन्यांचं अंतर फार मोठं असतं. कॅनडातल्या हॉकी संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले खेळाडू जास्त सापडतात, ते वयोगटाच्या अशाच एका रेषेमुळे. ती रेष सरकवली तर परिणामही सरकतो. यात ग्रहांचा काही संबंध नाही, एका सरकारी परिपत्रकाचा आहे.

आता जाणकार ज्योतिषी म्हणतात, नुसत्या राशीवर कोण जातं? लग्न (जन्मवेळी उगवणारी रास), भाव, दशा, दृष्टी, सगळी पत्रिका बघावी लागते. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ साली पुण्यात घेतलेली चाचणी महाराष्ट्रात प्रत्येकाला माहीत असायला हवी. त्यांच्यासोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे होते. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या अशा २०० पत्रिका त्यांनी तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं होतं. २७ जणांची उत्तरं आली. नाणं उडवून ४० पैकी २० बरोबर येतात. सगळ्यात चांगल्या ज्योतिषाचे २४ आले, सरासरी सतराच्या आसपास राहिली. एका संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, तिचे १०२ बरोबर आले. मूल हुशार निघेल की आयुष्यभर त्याला सांभाळावं लागेल, याहून मोठा फरक पत्रिकेत काय दिसायचा? अमेरिकेत शॉन कार्लसननं १९८५ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या चाचणीतही तेच घडलं होतं. तिथं ज्योतिषांना एका पत्रिकेसमोर तीन स्वभावचाचण्या ठेवून बरोबरची ओळखायची होती, आणि तीनात एक या हिशेबापुढं ते गेले नाहीत.

चंद्रामुळे समुद्राला भरती येते, मग माणसाच्या शरीरात तर सत्तर टक्के पाणी, असं काही जण म्हणतात. त्यांना मी संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर जायला सांगते. चंद्र तोच, मुंबईला भरती आणणारा. फुटाळ्याच्या पायऱ्यांवर पाणी वर चढलेलं कोणी पाहिलं आहे? भरती यायला हजारो किलोमीटर पसरलेलं पाणी लागतं. त्याच्या दोन टोकांवर चंद्राची ओढ कमी-जास्त पडते, त्यातून भरती होते. तलावाला जे होत नाही, ते पाळण्यातल्या बाळाला कसं होईल?

तरी ‘अमक्याला साडेसातीत सगळं सोसावं लागलं’ हे उरतंच. मग थोडा हिशेब करू. शनी आपल्या राशीच्या मागच्या, आपल्या आणि पुढच्या राशीत असला की साडेसाती. बारातल्या तीन राशी, म्हणजे दर चौथा माणूस. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं होतं. त्यातल्या सहा लाख लोकांना कोणत्याही क्षणी साडेसाती चालूच असते. चौथा आणि आठवा शनी धरून अडीचकीही मोजली, तर दहा लाख. मंगळाचंही तसंच. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की मुलगी मंगळी. बारातली पाच घरं, म्हणजे शंभरातल्या बेचाळीस मुली. इतकं मोठं जाळं टाकल्यावर प्रत्येक दुःख कुठल्यातरी ग्रहात अडकणारच. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात घराघरांतून माणसं गेली. ती बाराही राशींची होती.

लोक ज्योतिषाकडे का जातात, हे मला समजतं. माझी आई जायची. वडिलांची नोकरी सुटली होती, घरात कोणाला काही सुचत नव्हतं. नागपूरच्या महाल भागात एका जुन्या वाड्यात एक वयस्क गृहस्थ बसायचे. ते तासभर तिचं ऐकून घ्यायचे, आणि शेवटी म्हणायचे, ‘‘चैत्रानंतर बरे दिवस आहेत, ताई.’’ तो तासभर तिला कोणी दिला नव्हता, आम्हीही नाही. त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात आजही कडवटपणा नाही. पण तिला उतारा मिळाला तो ऐकून घेण्यातून. ते ऐकणं मोठ्या बहिणीकडून, मित्राकडून, समुपदेशकाकडून मिळू शकतं, आणि तिथं कोणी तुमच्यावर राक्षसगणाचा शिक्का मारत नाही.

कारण शिक्का मारल्यावर काय होतं, ते मी गेल्या वर्षभर आमच्याच घरात बघते आहे. भाचीला पाच ठिकाणांहून ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला. आपल्याकडे नकार देण्याची ही सभ्य रीत आहे, हे मला माहीत आहे. मुलगी पसंत नाही, हुंडा कमी वाटतो, मुलाचं दुसरीकडं मन आहे, काहीही असो, तोंडावर सांगावं लागत नाही. सांगणाऱ्याची सुटका होते. पण ऐकणारीला वाटतं की आपल्या जन्मातच काही खोट आहे. एका ठिकाणी सगळं ठरत आलं होतं. मुलाला मोठा भाऊ आहे, आणि ज्येष्ठा नक्षत्राची सून थोरल्या दिराला वाईट, असं कोणीतरी त्याच्या आईच्या मनात भरवलं. त्या रात्री भाची माझ्याजवळ झोपली होती. अंधारात म्हणाली, ‘‘आत्या, मी कोणाचं काय वाईट केलं गं?’’ एका सुशिक्षित, कमावत्या, निरोगी मुलीला हा प्रश्न पडावा, यासाठी मी कोणत्याही परंपरेला माफ करू शकत नाही.

आणि इतकं सगळं बघून आपण जे बघायला हवं तेच बघत नाही. गुणमेलनाच्या छत्तीस गुणांत सगळ्यात जास्त, आठ गुण, नाडीला आहेत. एकनाड असली तर संतती निरोगी होत नाही, असं सांगतात. निरोगी संततीची काळजी खरी आहे, आणि आमच्या पूर्व विदर्भात तर फार खरी. इथं सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे. आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर काही समाजांत त्याचे वाहक बरेच आढळतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्याला बहुधा कधी त्रासही होत नाही, आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकच नसतं. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की मूल सिकलसेलचं रुग्ण म्हणून जन्माला येईल.

माझी एक विद्यार्थिनी आहे. अठ्ठावीस गुण जुळले होते, नाड वेगळी, घरचे खूश होते. दोघं वाहक होते आणि कोणालाच माहीत नव्हतं. मुलगा दहा महिन्यांचा असताना त्याची बोटं सुजली. आता तो सात वर्षांचा आहे. थंडी वाढली, ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं की त्याचे हातपाय असे दुखतात की रात्रभर ती त्याला मांडीवर घेऊन बसते. ‘‘मॅडम,’’ ती मला म्हणाली, ‘‘एक थेंब रक्त तपासायचं होतं न फक्त.’’ खरंच तेवढंच होतं. सरकारी दवाखान्यात सॉल्युबिलिटी टेस्ट होते, त्यात काही निघालं तर इलेक्ट्रोफोरेसिस करून एए (दोष नाही), एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) ते नक्की कळतं. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू केली आहे. दोन वाहकांनी लग्न करूच नये, असं कोणी म्हणत नाही. त्यांनी ते जाणून करावं, गरोदरपणात डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढंच. आणि वाहक मुलीला नवा मंगळ चिकटवून कोणी नाकारू नये, याचीही काळजी आपणच घ्यायची आहे.

मार्चमध्ये भाचीनं आपला बायोडाटा स्वतः पुन्हा लिहिला. गण, नाडी, योनी, चरण काढून टाकलं. दादा नाराज झाला. ‘‘लोक विचारतील न बाई,’’ म्हणाला. शेवटी पत्रिका वेगळ्या कागदावर ठेवायची, मागितली तरच द्यायची, असं ठरलं. रिकाम्या झालेल्या जागेत तिनं स्वतःबद्दल चार वाक्यं लिहिली. तिला काय आवडतं, कशाचा राग येतो, आईवडिलांची जबाबदारी लग्नानंतरही ती कशी घेणार, आणि नोकरी ती सोडणार नाही. खाली एक ओळ होती : ‘सिकलसेल तपासणी : एए’.

पंधरा दिवसांनी भंडाऱ्याहून एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. बाकी सगळं विचारून झाल्यावर त्यांनी त्या शेवटच्या ओळीचा अर्थ विचारला. दादा, ज्यानं ती ओळ नको म्हणून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, तो खुर्ची ओढून बसला आणि त्यांना नीट समजावून सांगायला लागला. टेस्ट कोणती, ती कुठं होते, दोघंही वाहक निघाले तर काय. पलीकडून ते गृहस्थ मध्येच म्हणाले, ‘‘थांबा भाऊ, लिहून घेतो. पोराला उद्याच घेऊन जातो.’’